आधी काय बदलायचे? तानपुऱ्याला साक्षीला बसवून केलेल्या ध्वनिसंचाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

सांगलीतल्या आमच्या घरी १९९६ साली घेतलेला स्टिरिओ संच अजून रोज वाजतो. त्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४० वॅट देणारा ॲम्प्लिफायर, साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) असलेले दोन स्पीकर, एक सीडी प्लेअर आणि वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर एवढी सामग्री आहे. ऐकणे मुख्यतः ख्यालगायनाचे असते. गेली दोन वर्षे आवाज गढूळ झाला आहे असे सारखे वाटते, पण नेमका दोष कशात आहे हे सांगता येत नाही. आजपासून ६०,००० रुपये बाजूला काढले आहेत. सगळा संच एकदम बदलणे या पैशांत बसत नाही, त्यामुळे आधी काय बदलायचे हाच खरा प्रश्न आहे.

दुकानात विचारले तेव्हा ॲम्प्लिफायर जुना झाला, तोच आधी बदला, असे सांगण्यात आले. तूर्त यादी अशी केली आहे: ॲम्प्लिफायर, मग डॅक (सीडीच्या डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारी पेटी), मग उरले तर स्पीकर. पुढे ही यादी पूर्ण उलटी झाली, म्हणून ती इथे मुद्दाम आहे तशीच ठेवतो.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर ९,५०० रुपयांचा डॅक आणला आणि त्याच्यासोबत २,८०० रुपयांच्या जाड, सोनेरी टोकांच्या केबलही घेतल्या. सीडी प्लेअरच्या डिजिटल आउटपुटवरून डॅकला सिग्नल दिला आणि डॅक ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला जोडला. पहिल्या पाच मिनिटांतच आवाज मोकळा आणि भरदार वाटला. घरातल्या सगळ्यांनाही तसेच वाटले.

२० ऑक्टोबर

एका मित्राने विचारले, "दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकलास का?" तो सभागृहांतली ध्वनियोजना करतो, त्यामुळे प्रश्न गांभीर्याने घेतला. १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० कंपनांचा) एकच स्वर सीडीवर घेतला आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटर लावून मोजले. सीडी प्लेअरच्या स्वतःच्या आउटपुटवर २.०० व्होल्ट आले, तर डॅकवर, नॉबला हात न लावता, २.३० व्होल्ट आले. म्हणजे डॅक जवळजवळ १.२ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला मोठेपणा म्हणून जाणवत नाही, तो सरसपणा म्हणून जाणवतो, आणि मी नेमका इथेच फसलो.

डॅकला स्वतःचा आवाज-नियंत्रक आहे. तो कमी करून दोन्हीकडे २.०० व्होल्ट आणले. मग मुलीला ॲम्प्लिफायरजवळ बसवले. नाणे उडवून जे येईल ते इनपुट तिने लावायचे आणि मी तिच्याकडे पाठ करून कोणते ते सांगायचे, असे १६ वेळा केले. योगायोगाने एवढे जमले असे म्हणता येऊ नये यासाठी १६ पैकी निदान १२ तरी बरोबर यायला हवेत. माझे ९ आले. केबलसाठीही हाच प्रयोग केला, तेव्हा ७ आले.

डॅक ओळखीच्या एकाला ६,८०० रुपयांना दिला. केबल परत घेतल्या गेल्या नाहीत. या दोन आठवड्यांत ५,५०० रुपये आणि सणाची गडबड असे दोन्ही गेले. माझा सीडी प्लेअर बिघडलेला नव्हता, त्यामुळे त्याचे काम डॅकने पुन्हा करण्यात काही अर्थ नव्हता. ज्यांचा सिग्नल फोनच्या खराब सॉकेटमधून येतो त्यांची गोष्ट वेगळी असू शकते.

२७ ऑक्टोबर

ॲम्प्लिफायर खरोखर कमी पडतो का, हे विकत घेण्याआधी मोजायचे ठरवले. नेहमी ज्या सर्वांत मोठ्या आवाजात ऐकतो तिथे नॉब ठेवला आणि त्या जागी पेन्सिलीने खूण केली. मग ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवल्या (हे विसरू नये, पुढचा स्वर ट्वीटर जाळू शकतो) आणि ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर वाजवून टोकांवरचे व्होल्टेज मोजले. ते ८.५ व्होल्ट भरले. आठ ओहमच्या स्पीकरला याचे साधारण ९ वॅट होतात. सीडीवर याहून मोठा सिग्नल असूच शकत नाही, म्हणजे माझ्या सर्वांत मोठ्या ऐकण्यातला सर्वांत मोठा क्षणसुद्धा ९ वॅटमध्ये मावतो. ४० वॅटच्या ॲम्प्लिफायरकडे त्यावर साडेसहा डेसिबलची शिल्लक आहे.

नॉब फिरवताना येणारी खरखर तेवढी खरी होती. झाकण उघडून नॉबच्या आतल्या पट्टीवर आणि स्पीकर निवडायच्या बटणावर काँटॅक्ट क्लीनर मारला, दोन्ही पन्नासेक वेळा फिरवले आणि दाबले. खर्च ४५० रुपये. खरखर गेली आणि मधूनच डावी बाजू बंद पडण्याचाही त्रास गेला. सिग्नल नसताना आउटपुटवर राहणारे एकदिश (डीसी) व्होल्टेज मोजले, तर ते एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २३ मिलिव्होल्ट आहे. ते ५०च्या आत असल्यामुळे चिंतेचे नाही. ॲम्प्लिफायर यादीतून काढला.

१० नोव्हेंबर

दिवाळी संपली. आता पुढचा प्रश्न असा होता की गढूळ म्हणजे कशाच्या तुलनेत गढूळ? गाण्याच्या तबकड्या कोणत्या खोलीत, कोणत्या माइकवर झाल्या हे मला ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्यावरून संचाची परीक्षा घेणे म्हणजे अनोळखी माणसाच्या फोटोवरून चष्म्याचा नंबर काढणे आहे. मात्र घरात एक ध्वनी असा आहे जो मी रोज प्रत्यक्ष ऐकतो. तो म्हणजे मुलीचा तानपुरा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून घेतलेला, काळी चार पट्टीत (पेटीच्या चौथ्या काळ्या सुरात) लावलेला, आणि गेल्याच महिन्यात तिथेच त्याची जवारी (तारांना झणकार देणारा घोडीचा घास) काढून आणलेली. मधल्या दोन, म्हणजे जोडाच्या तारा सुमारे २०८ हर्ट्झवर आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालची तार, त्याच्या निम्म्यावर, सुमारे १०४ हर्ट्झवर येतो. खाली खर्ज आणि वर जवारीतून उठणारे स्वरांचे लांबलचक झुबके, म्हणजे वूफर आणि ट्वीटर दोघांचीही परीक्षा एकाच वाद्यात होते.

मित्राकडून मोजमापाचा माइक उसना आणला. पहिले ध्वनिमुद्रण हॉलमध्येच केले आणि तिथेच वाजवून पाहिले, ते पार फसले. मुद्रणात खोलीचा घुमारा आधीच आला होता, वाजवताना खोलीने तो पुन्हा घातला. खोली दोनदा ऐकू येत होती, त्यामुळे स्पीकरबद्दल काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गच्चीवर सतरंजी टाकून पुन्हा मुद्रण केले. माइक भोपळ्यापासून अर्ध्या मीटरवर होता. मधेच एक दुधाची गाडी गेली म्हणून तिसऱ्यांदा केले. हे मुद्रण कोरडे आले. ते सीडीवर घातले.

परीक्षेची पद्धत अशी: मुलगी दोन स्पीकरच्या मध्ये बसून दोन मिनिटे तानपुरा छेडते, मग तिथूनच तेवढ्याच आवाजात सीडी वाजते. माझ्या खुर्चीपाशी फोनवरच्या ॲपने आवाजाची पातळी जुळवून घेतो.

निकाल लागायला अर्धा मिनिट पुरला. सीडीवर खर्जाची तार छेडून झाली तरी तिचा घुमारा मागे रेंगाळतो आणि पुढचा पंचम त्यात बुडून जातो. गढूळपणा मला भासत नव्हता, तो खरोखर होता. सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही बाजूला पडले असल्यामुळे आता स्पीकर आणि खोली यांच्यातच शोधायचे होते.

१७ नोव्हेंबर

हा आठवडा फक्त स्पीकर सरकवण्यात गेला आणि या सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक याच आठवड्यात, एक रुपयाही खर्च न होता पडला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्ये ज्या स्वराची अर्धी लाट नेमकी मावते तो स्वर खोलीत फुगतो. ३४५ मीटर प्रतिसेकंद हा ध्वनीचा वेग धरून हिशेब केला की लांबीमुळे ४०, रुंदीमुळे ५७ आणि उंचीमुळे ६० हर्ट्झ येतात. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन फुगवटे एकमेकांवर बसले आहेत. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि तोच माइक वापरून मोजले, तर ५७ हर्ट्झच्या आसपास ११ डेसिबलचा उंचवटा दिसला. तबल्याचा डग्गा प्रत्येक तबकडीवर एकसारखा 'ढुम्म' का वाजतो, हे तेव्हा कळले. स्पीकर अगदी कोपऱ्यांत ठेवलेले होते आणि माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. या दोन्ही जागांवर खालचे स्वर सर्वांत जास्त फुगतात.

पहिला बदल म्हणून स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले. त्यांच्या मागच्या भिंतीपासून ७८ सेंटिमीटर आणि बाजूच्या भिंतींपासूनही ७८ सेंटिमीटर, अगदी टेपने मोजून, ठेवले. खुर्ची ६० सेंटिमीटर पुढे घेतली. डग्गा सुधारला, पण तानपुऱ्याचा खर्जच नाहीसा झाला. तार छेडल्याचे कळायचे, पण खालचे अंग पोकळ वाटायचे. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर कारण सापडले. भिंतीवरून परतलेली लाट, अंतर तिच्या पाव लांबीइतके असेल तिथे, मूळ लाटेला उलटी भेटून खाऊन टाकते. ७८ सेंटिमीटरला हा हिशेब सुमारे ११० हर्ट्झ येतो. मागची भिंत ७८, बाजूची ७८ आणि वूफरची जमिनीपासूनची उंची ७५. मी तिन्ही अंतरे सारखी करून एकच खड्डा तीनदा खणला होता, आणि १०४ हर्ट्झचा खर्ज नेमका त्या खड्ड्यात पडत होता.

यावर उपाय एकच, तो म्हणजे तिन्ही अंतरे वेगवेगळी ठेवणे. मागची भिंत ४५ सेंटिमीटर, बाजूची ६५ आणि उंची तीच ७५ ठेवली. आता खड्डे साधारण १९०, १३० आणि ११५ हर्ट्झला विखुरले आहेत आणि त्यांतला एकही खोल नाही. ५७ हर्ट्झचा उंचवटा ११ वरून ५ डेसिबलवर आला. खर्ज परत आला आणि पंचम त्याच्यापासून सुटा ऐकू येऊ लागला. गंगूबाई हनगल यांची एक तबकडी त्या रात्री लावली. त्यांच्या भारदस्त, खालच्या आवाजावर आजवर खोलीचे एक पांघरूण होते, ते बाजूला झाल्यासारखे वाटले. मी बराच वेळ तसाच ऐकत बसलो होतो.

२४ नोव्हेंबर

खालचे अंग बसल्यावर वरचा दोष उघडा पडला. डाव्या स्पीकरवर जवारी मंद येते आणि उजव्यावर चमकते. दोष कुठला हे शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग अदलाबदलीचा आहे. दोन्ही स्पीकरच्या जागा बदलल्या, तर मंदपणा स्पीकरसोबत उजवीकडे गेला. तो डावीकडेच राहिला असता तर ॲम्प्लिफायर, तार किंवा खोली यांच्यावर संशय घ्यावा लागला असता.

म्हणून स्पीकरची कापडी जाळी काढली. इतक्या वर्षांत ती कधी काढली नव्हती. वूफरच्या कोनभोवतीच्या (आत-बाहेर हलणाऱ्या कागदी शंकूभोवतीच्या) फोमच्या कडेला बोट लावले आणि ती ओल्या राखेसारखी बोटाला चिकटून आली. डावीकडे चार इंच लांबीची फट होती, उजवीकडे कडा शाबूत दिसत असली तरी तीही दाबल्याबरोबर भुगा झाली. हवेतल्या दमटपणाने असा फोम वापर नसतानाही कुजतो.

इथे माझा क्रम चुकला हे मान्य करायला हवे. जाळी काढून पाहणे हे दोन मिनिटांचे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. फाटक्या कडेच्या वूफरवर केलेली मागच्या आठवड्याची मोजमापे आता पुन्हा करावी लागणार.

१ डिसेंबर

फोमच्या कडा कुरियरने मागवल्या, गोंदासह १,६०० रुपये. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढण्यातच पूर्ण दिवस गेला. कोनची कागदी कड फाटू नये म्हणून घाई करता येत नाही. नवी कडा आधी कोनला चिकटवली, एक दिवस वाळू दिली आणि मग बाहेरची बाजू पत्र्याच्या चौकटीला चिकटवली. कोन मध्यावर आहे हे फक्त नजरेने ठरवले. वाळल्यावर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबून पाहिले, तर खर्र असा आवाज आला. कोनमागची तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत एका बाजूला घासत होती. कडा काढताना ती फाटली. एका कडेचे आणखी ८०० रुपये गेले आणि आठवडाही गेला.

८ डिसेंबर

या वेळी कोनच्या मधली गोल टोपी धारदार पात्याने कडेने कापून उचलली. आतल्या लोखंडी खांबाभोवती, कॉइल आणि खांब यांच्यामध्ये, जुन्या पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाच्या चार अरुंद पट्ट्या सरकवल्या. पट्ट्यांनी कॉइल आपोआप मध्यावर धरून ठेवली. मग चौकटीला गोंद लावला, रात्रभर वाळू दिला, सकाळी पट्ट्या ओढून काढल्या आणि टोपी परत चिकटवली. ३० हर्ट्झचा मंद स्वर सोडून पाहिला. कोन शांतपणे आत-बाहेर होतो, घासण्याचा मागमूस नाही.

जवारीचा मंदपणा मात्र तसाच राहिला, कारण तो वूफरचा नव्हता. मागची पाटी उघडून क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वूफर-ट्वीटरला वाटून देणारा भाग) पाहिला. ट्वीटरच्या वाटेवर ४.७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे, तो फक्त वरचे स्वर पुढे जाऊ देतो. एक टोक सोडवून मोजला, तर उजव्याचा ४.६ आणि डाव्याचा ३.१ भरला. दोन्ही स्पीकरमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे नवे कपॅसिटर घातले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाच्याने २६० रुपयांत दोन आणून दिले. आधी दोन बाजूंमध्ये वरच्या पट्ट्यात ४ डेसिबलचा फरक होता, तो आता एकाच्या आत आहे. आजच्या नोंदीतला सर्वांत स्वस्त सुटा भाग हाच, आणि मुलीने न सांगता ओळखलेला पहिला बदलही हाच.

त्यानंतर जागेची मोजमापे पुन्हा केली. स्पीकर ३ सेंटिमीटर सरकवावे लागले, त्याहून जास्त नाही.

१५ डिसेंबर

आतापर्यंत झिजलेल्या सगळ्या गोष्टी हलणाऱ्या किंवा आतून सुकणाऱ्या होत्या, म्हणून रेकॉर्ड प्लेअरकडे वळलो. सुई नेमकी किती तास चालली आहे याची नोंद कोणीच ठेवलेली नाही. साधारण ५०० ते १,००० तासांत ती बदलावी लागते, आणि ही त्याच्या कितीतरी पुढे गेली असणार. तबकडीच्या आतल्या भागात, लेबलजवळ, बंदिशीतले 'स' आणि 'श' फाटके येत होते.

ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम-९५ई हे कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) ५,६०० रुपयांना घेतले. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या सुया पुढे त्याच अंगावर बसवता येतात, हा विचार त्यात होता. सुईचा भार मोजायला ६५० रुपयांचा छोटा काटा घेतला. मी पहिल्यांदा भार १.४ ग्रॅम ठेवला. हलकी सुई तबकडीला जपेल असे वाटले होते, पण झाले उलटे. सुई खाचेत नीट न बसता भिंतींवर आपटू लागली, तान आली की आवाज फुटू लागला, आणि अशा आपटण्यानेच तबकडी खराब होते. पत्रकातला भार १.८ ते २.२ ग्रॅम आहे. २.० ग्रॅम केला, अँटिस्केटही (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी कळ) त्याच आकड्यावर आणला, आणि 'श' स्वच्छ झाला.

वडिलांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या सुईवर लावल्या नाहीत आणि कोणी लावू नयेत. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते आणि तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

२९ डिसेंबर

रॉकवूलच्या (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीच्या) दोन इंच जाडीच्या चार पाट्या सुताराकडून लाकडी चौकटीत बसवून, वर मांजरपाट ताणून घेतल्या. खर्च ७,२०० रुपये. मुलीने भिंतीवर आरसा सरकवत नेला आणि खुर्चीतून स्पीकर जिथे दिसला, म्हणजे आवाज भिंतीवरून जिथे परततो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक पाटी टांगली. उरलेल्या दोन खुर्चीमागे लावल्या. खालच्या स्वरांवर एवढ्या जाडीचा फारसा परिणाम होत नाही, मापातही तेच दिसले. टाळीचा खणखणाट मात्र गेला.

५ जानेवारी २०२५

खर्च २२,०६० रुपये झाला आहे. आता स्पीकर बदलावेत का हा प्रश्न, तीन महिन्यांपूर्वी यादीत तळाला होता तो, पहिल्यांदा प्रामाणिकपणे विचारता येतो. एका विक्रेत्याने ३६,००० रुपयांची नवी जोडी तीन दिवस घरी ऐकायला दिली. एका बाजूला जुना, दुसऱ्या बाजूला नवा असे न करता दोन्ही जोड्या आळीपाळीने त्याच खुणांवर ठेवल्या आणि व्होल्टेजऐवजी माइकने पातळी जुळवली, कारण नवे स्पीकर तेवढ्याच सिग्नलवर २ डेसिबलने मंद वाजतात. त्यामुळे ९ वॅटचे साधारण १४ वॅट लागतील. ॲम्प्लिफायरला ते झेपतात.

समोर खुर्चीत बसून ऐकताना फरक माझ्या अपेक्षेहून कमी वाटला. दुरुस्त झालेले जुने स्पीकर तानपुऱ्याच्या बरेच जवळ आले आहेत. खरा फरक मुलीच्या जागेवरून कळला. ती बाजूला, जमिनीवर मांडी घालून ऐकते. तिथून जुन्या स्पीकरचा आवाज नाकातल्यासारखा होतो, कारण वूफर वरच्या स्वरांत तिरक्या दिशेला आवाज पोचवत नाही आणि तिथेच ट्वीटर सुरू होतो. नव्यांमध्ये तो सांधा सापडत नाही. तानपुरा खुर्चीतून जसा वाटतो तसाच जमिनीवरूनही वाटतो. आमच्याकडे गाणे एकट्याने खुर्चीत बसून कोणी ऐकत नाही, त्यामुळे हा फरक पैशांच्या योग्यतेचा ठरला.

१२ जानेवारी

नवी जोडी ठेवून घेतली. एकूण खर्च ५८,०६० रुपये. जुनी जोडी मुलीच्या रियाजाच्या खोलीत गेली. नव्या स्पीकरची अंतरे पुन्हा मोजून मागून ४८ आणि बाजूने ६६ सेंटिमीटरवर पक्की केली आणि स्टँडच्या पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, म्हणजे केर काढताना हलले तरी परत जागेवर येतील. ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर तेच आहेत.

रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणाखाली एक छोटी वही ठेवली आहे. नवी सुई आजवर १९ तास चालली.